शनिवारचा मराठी सिनेमा आणि सकाळी सव्वासहाचे राजाभाऊ

गच्चीवरचा अँटेना

परवा सकाळी सव्वासहाला एका मराठी वाहिनीवर 'ऊन पाऊस' लागला होता. १९५४चा, राजा परांजप्यांचा. आयुष्यभर शाळेत शिकवलेले मास्तर आणि त्यांची बायको, आणि म्हातारपणी मुलं दोघांची वाटणी करतात: आई एकाकडे, बाप दुसऱ्याकडे. 'बागबान' बघून रुमाल भिजवणाऱ्यांनी हा एकदा बघाच. जवळजवळ पन्नास वर्षं आधीचा आहे आणि भाषणं निम्मीही नाहीत. पण सव्वासहाला? त्या वेळी जागे असतात ते एक तर फिरायला गेलेले असतात, नाहीतर दुधाच्या रांगेत.

म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं आहे की, आमच्या पिढीला राजा परांजपे, राजा ठाकूर, अनंत माने, राजदत्त ही दिग्दर्शक माणसं थिएटरने दिली नाहीत, टीव्हीने दिली. मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला. दुसऱ्या वर्षी सिंहगडावरून पुण्याला दिसायला लागलं. तोवर हे सिनेमे दहा-वीस वर्षांचे म्हातारे झाले होते, थिएटरांतून कधीच उतरले होते. शनिवारी संध्याकाळी मराठी, रविवारी हिंदी. निवड नावाची भानगडच नव्हती, त्यामुळे 'कुंकू'पासून 'अपराध'पर्यंत जे लागेल ते आम्ही पाहिलं. आवडनिवड मागाहून ठरली.

आज मराठी सिनेमे दाखवणाऱ्या अर्धा डझन वाहिन्या आहेत आणि कुठलंही बटण दाबलं तरी तेच पाच-सात विनोदी चित्रपट. 'बनवाबनवी'शी माझं काही वाकडं नाही, पण रविवारी तीनदा?

तर टीव्हीवर पहिल्यांदा पाहिलेले प्रेमाचे आणि रडारडीचे जुने मराठी सिनेमे सांगा. आणि आज बघताना कसे वाटतात, तेही. तमाशापटांचा धागा वेगळा काढू, इथे नको.

नाक्यावरचा

पहिला!

सिनेमा नंतर सांगतो. आधी बातम्यांबद्दल बोलू द्या. नायिका चिठ्ठी लिहून घराबाहेर पडली, विहिरीच्या काठाशी आली, आणि साडेसात वाजले. पडद्यावर प्रदीप भिडे. नायिका जगली की वाचली हे कळायला मंत्रिमंडळाची बैठक, धरणातला पाणीसाठा आणि उद्याचं हवामान एवढं पार करावं लागायचं.

सुमेधा_ठाणे

"जगली की वाचली" म्हणजे दोन्हीकडून वाचलीच की हो! :)

धागा छान. माझ्याकडून 'मोलकरीण', १९६३. पोटच्या पोराच्या घरी आई मोलकरीण म्हणून राहते आणि सुनेला पत्ता नसतो. सुलोचनाबाई आई, रमेश देव मुलगा, सीमाबाई सून. आमच्या आळीत टीव्ही एकाच घरात होता. त्या दिवशी तिथल्या काकूंनी पदराने नाक पुसत पुसत सगळ्यांना चहा दिला होता.

आता गंमत ऐका. सुलोचनाबाईंचा जन्म जुलै १९२८चा आणि रमेश देवांचा जानेवारी १९२९चा. म्हणजे आई मुलापेक्षा सहाच महिन्यांनी मोठी! तरी एका फ्रेममध्येही शंका येत नाही. ती जादू मेकअपची नाही. सुलोचनाबाई उभ्या कशा राहतात ते बघा. खांदे थोडे पुढे, हात नेहमी पदराशी, आणि मुलगा खोलीत आला की नजर आधी त्याच्या ताटाकडे.

हलगीवाला

सुमेधाताई, मान्य. पण खरं सांगू? मला हे आईपट आता बघवत नाहीत. 'वहिनीच्या बांगड्या', 'एकटी', 'मोलकरीण'... बाईने सोसायचं, सोसायचं आणि शेवटच्या रिळात पोराने पायावर डोकं ठेवायचं. प्रेक्षक मोकळे, बाई पुन्हा स्वयंपाकघरात. आमची आज्जी कोल्हापुरात हे बघून रडायची आणि उठून सुनेला घालूनपाडून बोलायची. कसला परिणाम म्हणायचा हा?

सुमेधा_ठाणे

आज्जी भारी आहेत तुमच्या.

पण मग 'कुंकू' बघा ना. तोही टीव्हीवरच पाहिला मी, शाळेत असताना. १९३७चा सिनेमा. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावलेली नीरा नवऱ्याला खोलीत येऊ देत नाही. रडत नाही, भांडते. आगाऊ सावत्र मुलाला सडकून काढते. शांता आपटे तेव्हा किती वयाच्या असतील! आणि सावत्र मुलीच्या भूमिकेत शकुंतला परांजपे, रँग्लर परांजप्यांची मुलगी, जिने खऱ्या आयुष्यात संततिनियमनाच्या प्रचाराचं काम केलं. ती जेव्हा पडद्यावर नीराची बाजू घेते तेव्हा ते संवाद म्हटल्यासारखं वाटतच नाही.

एकच तक्रार. शेवटी काकासाहेब जीव देऊन तिला मोकळं करतात. म्हणजे मोठेपणा पुन्हा नवऱ्याच्याच खात्यात. तिने इतकं झगडून मिळवलं काय, तर विधवापण.

गच्चीवरचा अँटेना

१९३७ साली दुसरा शेवट काय दाखवणार होते शांताराम? घटस्फोटाचा कायदा कुठे होता हिंदूंना? त्या चौकटीत तिला सुटायला दार एकच होतं आणि ते म्हाताऱ्यालाच उघडता येत होतं. माझ्या मते तो मोठेपणा नाही, कबुली आहे. घड्याळ आणि आरशाचे ते शॉट आठवा. तो माणूस स्वतःच्या वयाला भीत असतो, बायकोला नाही.

'कुंकू'ची आणखी एक आठवण. सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. मुद्दाम ठेवलेलं नाही, जे आवाज येतात ते घरातले आणि रस्त्यावरचे. आमच्या वडिलांना वाटायचं सेटचा आवाज गेला. ते उठून टीव्हीच्या कपाळावर दोन थपडा मारायचे. मग पात्र बोलायला लागलं की "बघ, आला" म्हणून समाधानाने खाली बसायचे. पूर्ण सिनेमाभर.

नाक्यावरचा

मेलो हसून. आमच्याकडे थपडा मारायचं खातं आजोबांकडे होतं.

मंदाताई

नमस्कार मंडळी. मी इथे नेहमी वाचते, लिहीत नाही. आज राहवलं नाही.

तुम्ही सगळे रडारड घेऊन बसलात, प्रेमाचं कोण बोलणार? १९६९चा 'अपराध'. रमेश-सीमा. 'सूर तेच छेडिता' आणि 'सांग कधी कळणार तुला' यातलीच. राजदत्तांचा सिनेमा, एन. दत्तांचं संगीत. आमच्या सासूबाई अतिशय कडक. हिंदीत हिरोने हिरॉइनचा हात धरला की त्या जोरात खोकायच्या आणि टीव्ही बंद व्हायचा. पण रमेश-सीमा असले की चालायचं. का? तर "त्यांचं खरंच लग्न झालंय." ते १९६३ साली झालं हे त्यांना पाठ होतं. मग पडद्यावर दोघं झाडाभोवती फिरोत नाहीतर एकमेकांच्या डोळ्यांत बघोत, सासूबाई शेंगा सोलत निवांत. आम्हा सुनांची त्यामुळे सोय झाली. 'जगाच्या पाठीवर'ला मात्र त्या बिथरल्या, कारण त्यात सीमाबाई दुसऱ्याच कुणाच्या प्रेमात!

सुमेधा_ठाणे

मंदाताई, लिहीत जा हो! "खरंच लग्न झालंय" हे सेन्सॉर प्रमाणपत्र फ्रेम करून लावायला हवं.

'जगाच्या पाठीवर'बद्दल थोडं सांगते. आंधळ्या मुलीच्या भूमिकेत सीमाबाईंचा सगळा अभिनय मानेत आहे. आवाज येईल तिकडे आधी मान वळते, चेहरा मागून येतो. टीव्हीच्या वीस इंची पडद्यावर लहानपणी हे दिसलं नव्हतं, आता मोठ्या पडद्यावर लॅपटॉप जोडून पाहिला तेव्हा दिसलं. गदिमा-फडके तर काय बोलावं, एकही गाणं टाकाऊ नाही.

केबलवाल्याचा भाऊ

दूरदर्शनपुरतंच का बोलताय? आमच्या डोंबिवलीत खरी लोकल टीव्ही म्हणजे केबलवाल्याची. नव्वदच्या आसपासची गोष्ट. माझा मोठा भाऊच हा धंदा करायचा. तळमजल्यावरची एक खोली, त्यात दोन व्हीसीआर, कॅसेटचं कपाट आणि एक टेबल पंखा, तो आमच्यासाठी नाही, मशीनसाठी. दुपारी तीनला बायकांचा पिक्चर, रात्री दहाला सगळ्यांचा. पट्टी बिघडली की पडद्यावर तळाशी पांढरी रेघ धावायची आणि फोन सुरू: "अहो, अलकाच्या तोंडावर पट्टे येतायत!" मग भाऊ कॅसेट थांबवून हेड पुसायचा. अख्खी वस्ती निळ्या पडद्याकडे बघत बसायची.

खाली जाहिरातींची ओळ सरकत असायची, साड्यांचा सेल, क्लासेस, हरवलेली पर्स. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे पाच रुपये वेगळे.

'माहेरची साडी' (१९९१) कितीदा लावला याचा हिशेब नाही. फर्माईश यायची म्हणून लावायचो. एकदा भावाने वैतागून त्याऐवजी दुसरंच काहीतरी लावलं तर दोन बायका जिना उतरून खोलीच्या दाराशी आल्या होत्या.

हलगीवाला

'माहेरची साडी' हा या धाग्यावर चालणार का? क्लासिक वगैरे?

केबलवाल्याचा भाऊ

का नाही चालणार? समीक्षकांनी नाक मुरडलं म्हणून? मूळ राजस्थानी सिनेमा, 'बाई चाली सासरिये', त्यावरून विजय कोंडक्यांनी केला. अलका कुबलचं नाव त्या एका सिनेमाने गावोगावी गेलं. तुमच्या राजाभाऊंच्या सिनेमांना त्या काळी जो प्रेक्षक होता, त्यांच्याच लेकीसुना या सिनेमाला आल्या. फक्त तोवर ताटातुटीची गोष्ट सांगायला ग.दि. माडगूळकर उरले नव्हते, एवढाच फरक.

गच्चीवरचा अँटेना

हे पटलं नाही, पण शेवटचं वाक्य चोरणार आहे.

फरक एवढाच नाही हो. 'ऊन पाऊस'मध्ये वाईट माणूस कुणीच नाही. मुलं नालायक नाहीत, पगार तुटपुंजे आणि जागा लहान आहेत. म्हणून तो टोचतो. 'माहेरची साडी'त सासू इतकी दुष्ट आहे की बघणाऱ्या प्रत्येक सासूला वाटतं, मी बाई अशी नाही.

मंदाताई

जागा लहान म्हणालात म्हणून आठवलं, 'मुंबईचा जावई'! १९७०चा, राजा ठाकुरांचा. नवं लग्न झालेलं जोडपं आणि चाळीतलं भरलेलं घर. दोघांना बोलायला कोपरा नाही. अरुण सरनाईक, शरद तळवलकर. 'प्रथम तुज पाहता', 'का रे दुरावा', 'आज कुणीतरी यावे' सगळी त्यातलीच. याचाच पुढे हिंदीत 'पिया का घर' झाला, बासू चटर्जींचा, जया भादुरीचा. हिंदी गोड आहे, पण चाळ मराठीतच आहे.

आम्ही गिरगावात तो सिनेमा पाहिला तेव्हा खोलीत पंधरा-सोळा माणसं होती, दारात आणखी. त्यात दोन जोडपी नवी. सिनेमातलं जोडपं गॅलरीत उभं राहून कुजबुजायला लागलं आणि आमच्या खोलीत कुणीतरी म्हणालं, "बोला बोला, आम्ही ऐकत नाही." त्यानंतर त्या नव्या सुनेने मान वर केली नाही बिचारीने.

दूरदेशी

न्यू जर्सीहून हजेरी. इथे ती सोय नाही, कोपरेच कोपरे आहेत :)

माझ्यासाठी शनिवार नाही. मी नव्वदीतला. आमच्यासाठी रविवारी दुपारी चार वाजता सह्याद्री (तेव्हा नाव डीडी-१० होतं, 'सह्याद्री' २००० साली झालं). जेवण, झोप आणि चार वाजता उठून मराठी सिनेमा. पाचच्या सुमारास खाली क्रिकेटला हाका यायच्या आणि तेव्हाच नेमकं गाणं चालू व्हायचं. 'पाठलाग' मी अर्धाच पाहिला आहे, तीन वेळा, तिन्ही वेळा पहिला अर्धा. शेवट मला 'मेरा साया'मुळे कळला.

गच्चीवरचा अँटेना

अरेरे. दुसरा अर्धा बघून घ्या, काशिनाथ घाणेकर त्यात आहे. 'मेरा साया'त सुनील दत्त सभ्य वकील वाटतो, घाणेकरांच्या डोळ्यांत मात्र संशय आणि ओढ एकाच वेळी दिसते. राज खोसलांनी तो मराठीवरून दोनच वर्षांत हिंदीत केला. साधना सुंदर दिसते, गाणीही गाजली, पण त्या खटल्यातली धग मूळ सिनेमात जास्त आहे. 'या डोळ्यांची दोन पाखरे' ऐकून मग ठरवा.

मात्र टीव्हीवर बघणार असाल तर जपून. एका वाहिनीवर लागला होता, त्यात जाहिरातींना जागा करायला गाण्यांची कडवीच उडवली होती.

हलगीवाला

कोल्हापूरकर म्हणून एक भर घालतो. शनिवारी टीव्हीवर लागायचे त्यातले कितीतरी सिनेमे आमच्या जयप्रभा स्टुडिओतले. गांधीहत्येनंतर १९४८ साली तो जाळला गेला. त्यात भालजी पेंढारकरांचा 'मीठ भाकर' जळाला. भालजींनी तो पुन्हा चित्रित केला. पहिल्यापासून! 'साधी माणसं' (१९६५) टीव्हीवर पाहिला तेव्हा आज्जीने भात्यासमोरची जयश्री गडकर दाखवून सांगितलं होतं, हे सगळं आपल्या इथलं. लोहाराचं जोडपं, प्रेम करतं ते भाता ओढत. बाग नाही, तळं नाही. मला वाटतं मराठीतला सगळ्यात चांगला प्रेमपट तोच. आणि संगीतकार 'आनंदघन' म्हणजे लतादीदी.

सुमेधा_ठाणे

हलगीवाले, आईपट बघवत नाहीत म्हणणारे तुम्ही, आणि आता भात्यापाशी हळवे! आवडलं.

जळालेल्या सिनेमांवरून, जानेवारी २००३मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्म ठेवलेल्या व्हॉल्टला आग लागली, त्यात प्रभातच्या मूळ प्रिंटही गेल्या. नायट्रेट फिल्म पेटली की विझवता येत नाही, पाण्याखालीसुद्धा जळत राहते. बऱ्याच सिनेमांच्या सुरक्षित फिल्मवर प्रती आधीच झाल्या होत्या म्हणून निभावलं.

मडगांवकार

गोव्याहून दोन ओळी. कोकणीतला 'निर्मोण' (१९६६) कुणी पाहिलाय? समुद्रावर गेलेला नवरा मेला असं समजून बायको दुसरं लग्न करते, आणि तो परत येतो. शालिनी मार्दोळकर आणि सी. आल्वारिस. दिग्दर्शक ए. सलाम यांनीच नंतर हिंदीत 'तकदीर' केला. गोव्यात ज्या घरातला माणूस बोटीवर असतो, तिथे हा सिनेमा कुणी हसतखेळत बघत नाही.

नाक्यावरचा

माझा सिनेमा राहिलाच. 'उंबरठा', १९८२. आमच्या आईला स्मिता पाटील आधी बातम्या देणारी म्हणून माहीत होती, मग सिनेमातली. ती म्हणायची, "ही खोटं बोलणार नाही, हिने बातम्या दिल्यात." त्यामुळे सुलभा घर सोडून महिलाश्रमाच्या नोकरीला जाते तेव्हा आई तिच्या बाजूने आणि बाबा नवऱ्याच्या. सिनेमा संपला, परत आलेल्या सुलभाला नवऱ्याचं दुसरं प्रकरण कळतं, ती निघून जाते, गाडीत बसते. बाबा म्हणाले, "पोरीचा तरी विचार करायचा." आई म्हणाली, "तो त्याने करायचा होता." त्या रात्री जेवताना फक्त भांड्यांचा आवाज होता. विनोद नाही, खरंच.

मंदाताई

तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

दूरदेशी

+१

केबलवाल्याचा भाऊ

+१. भावाने 'उंबरठा' एकदाच लावला होता. एका काकांनी फोन करून विचारलं, "असले पिक्चर दुपारी कशाला लावता?" रात्री लावलेला चालला असता म्हणे.

हलगीवाला

अवांतर: 'पिंजरा' रंगीत आहे हे आमच्या गल्लीला थिएटरात पुन्हा लागला तेव्हा कळलं. आमच्या घरी तो काळापांढराच होता, वर स्क्रीनला निळी काच. संध्याबाईंची नऊवारी आमच्यासाठी कायम निळी.

गच्चीवरचा अँटेना

तमाशापट वेगळ्या धाग्यावर म्हणालो होतो :)

बरं, कामाचं. बरेचसे सिनेमे यूट्यूबवर पूर्ण आहेत, पण प्रिंट बघून घ्या. त्याच नावाखाली तीन-तीन प्रती असतात, त्यातल्या एखाद्याच्या टोकाला जुन्या वाहिनीचं बोधचिन्ह दिसतं, म्हणजे कुणीतरी टीव्हीवरून टेप केलेला. त्यात गाणी कापलेली असण्याची शक्यता जास्त. लांबी तपासा, दोन तासांच्या खूप आत असेल तर सोडा.

दूरदेशी

एक मदत हवी. आई सध्या इथे आली आहे. तिला एक युगुलगीत आठवतंय, रमेश देव आणि सीमा, आवाज तलतचा आहे म्हणते. मी म्हटलं तलत मराठीत कुठे गायला, तर रागावली. शब्द आठवत नाहीत, "कोण आधी हसलं" असं काहीतरी.

मंदाताई

आईंचं बरोबर आहे. 'हसले आधी कुणी', तलत महमूद आणि आशाबाई. गाणं पी. सावळारामांचं, चाल वसंत देसाईंची. सिनेमा 'मोलकरीण'. पूर्ण बघणार असाल तर शनिवारी संध्याकाळी बघा आणि आईंच्या हाताशी रुमाल ठेवा.

दूरदेशी

सापडलं. आत्ता चालू केलंय, आई मला गप्प बस म्हणतेय.